अण्णांच्या कव्हर अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अण्णा म्हणजे आमचे कोल्हापूरचे गायक, स्वतःची गाणी स्वतः लिहून, चाल बांधून गाणारे. गेल्या नवरात्रात त्यांनी स्टेजवरूनच सांगून टाकलं, की पुढचा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा असेल. त्या दिवसापासून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मिरजकर तिकटीला चहा पिताना, जिथे गाठाल तिथे लोक तेच तेच विचारतायत. मी २२ वर्षं अण्णांबरोबर पेटी वाजवतो आणि या अल्बमचं संगीत संयोजन माझ्याकडे आहे, म्हणून उत्तरं लिहायचं कामही माझ्याकडे आलं. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. कायद्याबद्दल लिहिलंय ते या कामासाठी आम्हाला शिकावं लागलं तेवढं. तुमच्या प्रकरणात पैसे गुंतले असतील तर वकिलांना दाखवून घ्या.

१. कव्हर साँग म्हणजे नक्की काय? रिमिक्स म्हणजे तेच ना?

नाही. आधी रेकॉर्ड झालेलं गाणं दुसऱ्या गायकाने नवे वादक घेऊन पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं की ते कव्हर. शब्द तेच, चाल तीच, गळा आणि वाजवणारे हात नवे. रिमिक्समध्ये मूळ रेकॉर्डिंगच उचलतात आणि त्यावर ठोके-बिके चढवतात. कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, तो प्रश्न ९ मध्ये येईल.

खरं तर आपल्याकडे या गोष्टीला वेगळं नाव कधी लागलंच नाही. भजनी मंडळ रोज दुसऱ्याचंच गातं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी होते. त्यांच्या घराण्याची एखादी बंदिश आज देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, कुणी मांडली तर श्रोते 'कव्हर केलं' म्हणत नाहीत, 'बंदिश चांगली मांडली' म्हणतात. आणि तो क्लब १८८३ पासून चालू आहे, म्हणजे आपल्या गावात रेकॉर्ड यायच्या आधीपासूनची ही रीत. ध्वनिमुद्रिका आली, एक गाणं एका आवाजाला कायमचं बांधलं गेलं, आणि मग दुसऱ्याने गायलं की त्याला वेगळं नाव द्यायची वेळ आली.

२. अण्णांची स्वतःची एवढी गाणी असताना दुसऱ्यांची कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यात कधी कधी थोडी नाराजीही असते, आणि ती मला समजते. अण्णा ५० वर्षं स्वतः लिहितात, स्वतः चाल बांधतात, स्वतः गातात. लोक त्यांच्याकडे त्यासाठीच येतात.

अण्णांचं उत्तर असं: "मला गाणं लिहायला कुण्या शाळंनं शिकवलं न्हाई. ह्या गाण्यांनी शिकवलं." शिवाजी पेठेत गणपतीच्या दिवसांत कर्ण्यावर वाजणाऱ्या रेकॉर्डी हीच त्यांची शाळा. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं घ्या. दुसऱ्या अंतऱ्यात चाल वर जाता जाता कोमल निषादावर क्षणभर थांबते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. ती जागा अण्णांनी एका जुन्या भावगीतातून घेतली आहे. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पेटीवर दोन्ही जागा वाजवून दाखवून. ते भावगीत या अल्बममध्ये पहिलं आहे.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. साखर आणली असेल तर परत देताना त्यात चार शेंगदाणे का होईना घालतात. हा अल्बम म्हणजे अण्णांनी परत केलेली वाटी आहे, असं मी समजतो. त्यात त्यांनी स्वतःचं काय घातलं ते प्रश्न ५ ते ७ मध्ये.

दुसरं कारण जुनं आहे आणि दुखरं आहे. ते प्रश्न १४ मध्ये सांगितलंय, कारण तिथेच ते नीट कळेल.

३. म्हणजे नवीन सुचेनासं झालंय का?

या वर्षात अण्णांनी सात गाणी लिहिलीत. तीन पूर्ण, चार अर्धवट.

पण प्रश्नामागची समजूतच मला पटत नाही. बॉब डिलन हे जगातल्या गीतकार-गायकांमधलं केवढं मोठं नाव. त्यांनी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं जुन्या अमेरिकन गाण्यांचे अल्बम काढले, सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली. त्याच्या मधोमध, २०१६ साली, त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, आणि ते स्वतः लिहिलेल्या गाण्यांसाठी. विली नेल्सन यांनी १९७८ सालीच असा अल्बम केला होता, तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. लिहिणारा माणूस दुसऱ्याचं गातो तेव्हा तो वाचतो. आणि वाचणारा लेखक संपला असं आपण कधी म्हणत नाही.

४. कोणती गाणी घेतलीत? यादी द्या ना.

सगळ्या परवानग्या हातात येईपर्यंत यादी देणार नाही. एखाद्या घरातून 'नको' आलं आणि आपण आधीच नाव सांगून बसलो, तर त्यांच्यावर उगाच दडपण येतं.

निवड कशी झाली ते मात्र सांगतो. अण्णा साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते. तिथला एक कोरा राहिलेला लांबट हिशेबाचा रजिस्टर त्यांच्याकडे आहे, लाल कापडी पाठीचा. त्यात त्यांनी आठवतील तशी १४० गाणी लिहून काढली. रकाने चार: गाणं, कवी, संगीतकार, पहिल्यांदा कुणी गायलं. पहिला रकाना एका आठवड्यात भरला. दुसऱ्या-तिसऱ्याला चार महिने लागले. अण्णांनी अट घातली होती, की चारही रकाने भरल्याशिवाय गाणं निवडायलाच घ्यायचं नाही. रात्री साडेदहाला त्यांचा फोन यायचा, "सापडला रे संगीतकार!" आणि आवाज असा, की घरात पाळणा हललाय.

१४० मधून ११ उरली. पाच भावगीतं, दोन नाट्यपदं, दोन लावण्या, एक अभंग आणि एक ओवी.

५. कोल्हापूरचं काही आहे की नाही त्यात?

आहे. गाव बघून गाणी निवडली नव्हती, तरी आहे, कारण या गावाला टाळून मराठी गाण्यांची यादी करताच येत नाही. सुधीर फडके यांचा जन्म इथला, १९१९ चा. जगदीश खेबुडकर इथलेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथे उभी राहिली आणि पहिला मराठी बोलपट इथेच तयार झाला. त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं. अण्णांच्या वडिलांनी टेंब्यांची पेटी समोर बसून ऐकली होती, आणि ती आठवण घरात एखाद्या दागिन्यासारखी जपलेली आहे. दोन नाट्यपदांतलं एक त्या आठवणीसाठी घेतलंय.

केशवराव भोसले नाट्यगृहात प्रकाशन करायचं अण्णांच्या मनात होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी खासबाग मैदानाच्या बाजूला जाऊन तासभर नुसते उभे होते. प्रकाशन कुठे करायचं ते त्यानंतर आम्ही त्यांना विचारलेलं नाही.

६. मूळ गाण्यासारखंच करणार की पार बदलून टाकणार?

चालीला हात नाही, शब्दांना हात नाही. बदललाय तो वाद्यमेळ. मूळ गाण्यांत वीस-पंचवीस व्हायोलिनं होती, आमच्याकडे एक आहे. पेटी, तबला, एक व्हायोलिन, तानपुरा, एवढ्यावर सगळा अल्बम. लावण्यांना ढोलकी आणि तुणतुणं आलं.

मधले म्युझिक पीस हा अवघड भाग होता. तुमच्या कानात ते गाण्याइतकेच बसलेले असतात. मी पहिल्यांदा ते पेटीवर जसेच्या तसे वाजवले, तर अण्णा म्हणाले, "ही नक्कल झाली. त्यांनी जे बोलून ठेवलंय ते तू पुन्हा नको बोलू." मग बहुतेक ठिकाणी आम्ही पीस काढले आणि तिथे तानपुरा एकटा ठेवला. दोन गाण्यांत मूळ पीस ठेवलेत, कारण तिथून पुढचा अंतरा उगवतो. ते तोडले तर गाणं लंगडं होतं.

आणि एक दुरुस्ती. एका ओळीत अण्णा ५० वर्षं 'पाऊस' म्हणत आले. कवीचा छापील संग्रह मिळवला तर तिथे 'पाऊल'. कर्ण्यावरून ऐकलेलं, कानाने भरून काढलेलं. रेकॉर्ड पुन्हा नीट ऐकली, तर तिथेही 'पाऊल'च. त्या एका अक्षराने कडव्याचा अर्थच फिरला. अण्णांना तो शब्द जिभेवर बसवायला दोन दिवस लागले. म्हणून सांगतो, कव्हर करायचं असेल तर इंटरनेटवरचे शब्द घेऊ नका, छापील संग्रह शोधा.

७. पट्टी उतरवलीय असं ऐकलं. वयामुळे का?

हो, वयामुळे. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. पूर्वी काळी दोनमध्ये गायचे, आता काळी एक. पेटीवर दोन पट्ट्या खाली. यात लपवायचं काही नाही.

पट्टी उतरवणं सोपं असतं, श्वास अवघड. खालच्या स्वरांत अण्णांचा आवाज आता पूर्वीपेक्षा भारदस्त लागतो. पण पहिल्या भावगीतातली एक लांब ओळ मूळ गायकाने एका दमात घेतली आहे, आणि तो दम आता अण्णांकडे नाही. लय वाढवून बघितली, तर गाणं घाईत असल्यासारखं झालं. मग श्वास कुठे घ्यायचा हे शोधायला नऊ टेक झाले. तिसऱ्या शब्दानंतर घेतला तर अर्थ तुटत होता. शेवटी क्रियापदाच्या आधी घेतला. ती ओळ काहीतरी कबूल करणाऱ्या माणसाची आहे, आणि क्रियापदाच्या आधी तो थांबतो तेव्हा वाटतं, आता हा सांगेल की नाही? मूळ रेकॉर्डमध्ये ही जागा नाही. ती वयाने दिली. तबलजींनी त्या थांबण्यावर हात उचलून धरला, समेवर वाजवलंच नाही. टेक संपल्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

८. स्त्रीच्या तोंडचं गाणं अण्णा गाणार म्हणे. शब्द बदलणार का?

एकही नाही. 'मी आले'चं 'मी आलो' केलं की यमक तर जातंच, आणि गाण्यातली बाईही जाते. मराठी श्रोत्याला याची सवय आहे. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांत गायलेली पदं आज पुरुष गातात, बायका गातात, कुणाला खटकत नाही. शिवाय असा बदल करायला कायद्याने परवानगीही लागते, प्रश्न ११ बघा.

९. गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याला परवानगी कसली?

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात, हे आधी डोक्यात बसवा. शब्द ही एक, चाल ही दुसरी, आणि रेकॉर्डिंग ही तिसरी. प्रत्येकीचा मालक वेगळा असू शकतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात शब्द आणि चाल या दोन स्वतंत्र कलाकृती धरल्या आहेत.

कव्हर करणारा रेकॉर्डिंग नवं करतो, म्हणून तिसऱ्या वस्तूला तो हात लावत नाही. पण पहिल्या दोन वापरतो. त्यांच्या मालकांना विचारावं लागतं, आणि मोबदला द्यावा लागतो. रिमिक्सवाला तिन्ही वापरतो, म्हणून त्याला तिन्हींकडे जावं लागतं.

मूळ गायकाची परवानगी कायदा मागत नाही. गायकाचा हक्क त्याने गायलेल्या रेकॉर्डिंगवर आहे, गाण्यावर नाही. तरीही जे हयात आहेत त्या सगळ्यांना अण्णांनी स्वतः फोन केले. एका ज्येष्ठ बाईंनी फोनवरच त्यांच्याकडून ध्रुवपद म्हणवून घेतलं आणि एक मुरकी दुरुस्त करून दिली.

१०. मग कवींच्या घरी फोन केला की झालं?

बहुतेक वेळा नाही. पूर्वी कवी आणि संगीतकार आपले हक्क रेकॉर्ड कंपनीला किंवा चित्रपटाच्या निर्मात्याला लिहून देत. घरच्यांना ते माहीतही नसतं. म्हणून आधी जुनी रेकॉर्ड किंवा तिचं वेष्टन शोधा, कंपनीचं नाव बघा, त्या कंपनीचा कॅटलॉग आज कुणाकडे आहे ते काढा, आणि लेखी विचारा. कवी-संगीतकारांची आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. गाणं कुणाच्या नावावर आहे ते तिथेही बघता येतं.

घरी फोन कराच, पण तो माहितीसाठी आणि माणुसकीसाठी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. तो त्यांनाच किंवा त्यांच्या वारसांनाच मिळायला हवा. आमच्या यादीतल्या एका घराला हे ठाऊक नव्हतं. तिथल्या आजींना नातवाने कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ह्यांचं नाव परत छापून येणार?"

११. कायद्यात परवानगीशिवाय कव्हर करायची सोय आहे ना? मग एवढा व्याप कशाला?

सोय आहे, कलम ३१सी. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं. मालकाने 'हो' म्हणायची वाट न बघता, त्याला आधी नोटीस देऊन आणि ठरवलेली रॉयल्टी आगाऊ भरून तुम्ही कव्हर करू शकता. पण अटी नीट वाचा.

पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेलेली हवीत. आजच्या हिट गाण्याला ही वाट बंद. शब्दात किंवा चालीत तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही असा बदल चालत नाही. माध्यम शेवटच्या रेकॉर्डिंगचं होतं तेच हवं, ते बाजारातून गेलं असेल तर गोष्ट वेगळी. लेबलचा नमुना आधी मालकाला द्यायचा. आणि रॉयल्टी वर्षाला प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची धरून भरायची. एखाद्या भाषेचा खप बघून हा आकडा कमी करायची तरतूद आहे, पण आपण होऊन तो कमी धरता येत नाही. ११ गाण्यांच्या कोल्हापुरी अल्बमला हे झेपणारं नाही.

आम्ही मात्र दुसऱ्याच अटीवर अडलो. या कलमाखाली केलेल्या कव्हरच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो टाकता येत नाही, त्या चित्रपटाचंही नाव नाही. लोकांनी फसून मूळ समजून घेऊ नये हा उद्देश, आणि तो रास्त आहे. बाजारात तसं फसवणारे होतेच. पण अण्णांचा चौथा रकानाच 'पहिल्यांदा कुणी गायलं' हा आहे! ते नाव छापल्याशिवाय अल्बम काढायचा नाही, असं ते ठामपणे म्हणाले. म्हणून आम्ही ही वाट सोडली आणि प्रत्येक मालकाशी सरळ करार केला. करारात मूळ गायकाचा आदराने उल्लेख करायची संमती लिहून घेतली. वेळ जास्त गेला, पण मला तो योग्यच वाटतो.

१२. किती वर्षं झाली की गाणं मोकळं होतं?

शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या हयातभर, आणि मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं संरक्षण. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चालींवरचा हक्क २०१५ च्या अखेरीस संपला. अण्णासाहेब किर्लोस्कर तर १८८५ सालीच गेले, त्यांची पदं कधीचीच मोकळी.

रेकॉर्डिंगची मोजणी वेगळी: ते प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं. इथे घोटाळा होतो. 'रेकॉर्ड ७० वर्षांची आहे, म्हणजे गाणं फुकट' असं लोक धरतात. रेकॉर्डिंग मोकळं झालं असेल, पण संगीतकार १९९० साली गेले असतील तर चाल २०५० पर्यंत बांधलेलीच आहे.

१३. अभंग, ओव्या, पोवाडे तर सगळ्यांचेच?

शब्द सगळ्यांचे. तुकोबांच्या अभंगाला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुमच्या कानात जी चाल आहे ती बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते, आणि तिला प्रश्न १२ चाच नियम लागतो. देवळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल घ्या, नाहीतर स्वतःची लावा.

आम्ही अभंगाला अण्णांच्या आजोबांच्या भजनी मंडळातली चाल घेतली. ओवी जात्यावरची, अण्णांच्या आईकडून आलेली. चौथ्या रकान्यात तिथे आईचं नाव आहे.

१४. मग सरळ 'पारंपरिक' लिहिलं की भागत नाही का?

हा प्रश्न कृपा करून अण्णांना विचारू नका. मला विचारा.

१९८३ च्या नवरात्रात अण्णांनी अंबाबाईचा एक गोंधळ लिहिला. चाल त्यांची, शब्द त्यांचे. तो पेठेत गाजला, ऑर्केस्ट्रावाले म्हणू लागले. दोनेक वर्षांनी महाद्वार रोडवरच्या एका कॅसेटच्या गाड्यावर अण्णांना तो ऐकू आला, दुसऱ्याच आवाजात. कॅसेट उलटी करून बघितली. गीत: पारंपरिक. संगीत: पारंपरिक. अण्णा तेव्हा पस्तिशीचेही नव्हते. कंपनीला पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. ती कॅसेट त्यांनी विकत घेतली, अजून कपाटात आहे. आतल्या कागदावर त्या शब्दाभोवती निळ्या पेनाचा गोल आहे.

आज तो गोंधळ लोक जत्रेत म्हणतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या अण्णांना कुणी ओळखत नाही. अण्णांना त्याचं दुःख नाही असं ते म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

चार रकाने तिथून आले. 'पारंपरिक' हा शब्द शोधून, विचारून, कर्ता खरोखरच सापडला नाही तर लिहावा. आळसाने लिहिला तर तो कुणाच्या तरी घरातलं नाव पुसतो. आणि कर्त्याला त्याचं नाव मिळण्याचा हक्क कायद्यातही आहे, कलम ५७. हक्क विकले तरी तो कर्त्याकडेच राहतो.

१५. एका गाण्यात नवीन कडवं घातलंय असं कळलं. हे कसं चाललं?

नवीन नाही, जुनंच. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. त्यात तीनच कडवी मावायची. कवीने लिहिलेलं चौथं कडवं संग्रहात छापलेलं आहे, रेकॉर्डवर कधी आलंच नाही. अण्णांना ते घ्यायचं होतं.

ही सगळ्यात चिवट परवानगी ठरली. कंपनीकडे रेकॉर्ड झालेल्या गाण्याचे हक्क, पण हे कडवं त्या गाण्यात नाहीच. मग ते कुणाचं? कवीच्या वारसांकडून कडव्यासाठी वेगळी लेखी संमती घेतली, आणि कंपनीकडून तीच चाल चौथ्यांदा वापरायची. दोन कागद, सोळा ओळींच्या गाण्यातल्या चार ओळींसाठी.

१६. रेकॉर्डिंग कुठे आणि कसं चाललंय?

राजारामपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत, रात्री दहानंतर. आम्ही सगळे एकाच खोलीत बसतो आणि एकदमच वाजवतो. आधी तबला, मग पेटी, मग गायक असे थर चढवत नाही. लय धरून ठेवायला कानात वाजवतात तो क्लिकही नाही, कारण ओळ संपताना अण्णा किंचित रेंगाळतात आणि ते रेंगाळणं यंत्राच्या ठोक्याला कळत नाही. चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा.

तानपुरा खरा आहे, मिरजेचा. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायला तिथेच नेला होता. कारागिरांनी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत असा आवाज काढला, की अण्णांनी तिथेच बसून षड्ज लावला.

१७. मी कॅराओके ट्रॅकवर गाऊन यूट्यूबवर टाकतो. त्यालाही हे सगळं लागू?

हो. कॅराओके ट्रॅक कुणीतरी तयार केलेलं रेकॉर्डिंग आहे, त्याचा मालक वेगळा. शब्द आणि चाल यांचे मालक वेगळे. यूट्यूबचा अनेक कंपन्यांशी करार असल्यामुळे बऱ्याचदा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. पण राहू दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, तो कधीही काढला जाऊ शकतो. निदान खाली कवी आणि संगीतकाराचं नाव लिहा. त्याला काही खर्च येत नाही.

१८. गल्लीच्या गणपतीत गाणी म्हणायची तरी मुभा आहे का?

आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला कार्यक्रम, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला, याला कायद्यात सूट आहे. लग्नसमारंभ आणि धार्मिक विधींनाही आहे. तिकीट लावून व्यावसायिक कार्यक्रम केलात तर आयोजकाने परवाना घ्यायचा. ही सूट प्रत्यक्ष गाण्यापुरती धरा. त्याचं रेकॉर्डिंग करून विकलंत तर प्रश्न ९ पासून पुन्हा वाचा.

१९. सीडी निघणार का? खर्च कोण करतंय?

थोड्या सीडी निघतील, कारण अण्णांच्या वयाच्या श्रोत्यांना हातात धरायला काहीतरी लागतं, आणि आतल्या पुस्तिकेत चारही रकाने छापायचेत. बाकी मोबाइलवर. खर्च अण्णांचा आणि आम्हा वादकांचा. वर्गणी घेत नाही, कृपया पाठवू नका.

२०. अण्णांची गाणी आम्ही कव्हर केली तर चालेल का?

चालेल, अण्णांना आनंद होईल. कारखान्याच्या दिवसांत लिहिलेल्या गाण्यांपैकी काहींचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत, म्हणून आधी गाण्याचं नाव कळवा, कुणाला विचारायचं ते आम्ही सांगू. जी त्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी संमती आठवड्याभरात मिळते. शब्द आमच्याकडून घ्या, ऐकून लिहू नका. गोंधळ म्हणणार असाल तर त्याच्याखाली काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

झालेलं रेकॉर्डिंग पाठवा. अण्णा रविवारी सकाळी ऐकतात, दोनदा. पाठवताना पट्टी कोणती घेतली तेही लिहा, ते आधी तेच विचारतात.